समस्थानिके

एकाच मूलद्रव्याचे, अणुक्रमांक सारखा पण द्रव्यमानांक निराळा असलेले अणू. अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या हा अणुक्रमांक, तर प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची बेरीज हा द्रव्यमानांक (शालेय पुस्तकांत अणुअंक व अणुवस्तुमानांक). प्रोटॉन तितकेच, म्हणून इलेक्ट्रॉनही तितकेच. त्यामुळे समस्थानिकांचे रासायनिक वर्तन जवळजवळ एकच असते. क्लोरीनचा ३५.४५ हा अपूर्णांकी अणुभार म्हणजे क्लोरीन-३५ (सुमारे ७६%) व क्लोरीन-३७ (सुमारे २४%) यांच्या मिश्रणाची सरासरी होय.

कल्पनेचे जनकत्व सहसा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांना दिले जाते, पण ते निर्विवाद नाही. एकाच मूलद्रव्याचे अणू वजनाने थोडे कमीजास्त असू शकतील, हा तर्क विल्यम क्रुक्स यांनी १८८६ मध्येच मांडला होता; मात्र त्याला प्रायोगिक आधार नव्हता. १९०७ च्या सुमारास रेडिओथोरियम (थोरियमच्या किरणोत्सारी क्षयातून निर्माण होणारा पदार्थ) थोरियमपासून रासायनिक रीतीने वेगळे करता येत नसल्याचे आढळले. १९१३ मध्ये काझिमिएर्झ फायान्स यांनीही अशा अविभाज्य गटांची स्वतंत्रपणे मांडणी केली. तरी आवर्त सारणीतील ‘एकच स्थान’ हा निकष स्पष्टपणे धरला तो सॉडी यांनीच, आणि मराठी संज्ञाही त्याच अर्थावर बेतलेली आहे. ‘आयसोटोप’ हा मूळ ग्रीक शब्द मार्गारेट टॉड या डॉक्टर-लेखिकेने ग्लासगोत एका भोजनप्रसंगी सुचवला, असे सांगतात.

पुरावा दोन वाटांनी आला. १९१४ मध्ये थिओडोर रिचर्ड्स यांना युरेनियमच्या खनिजांतील शिशाचा अणुभार नेहमीच्या २०७.२ पेक्षा कमी, २०६ कडे झुकणारा आढळला. श्रीलंकेतील थोराइटमधले शिसे उलट जड निघाले. दुसरी वाट निऑनची. जे. जे. टॉमसन यांना १९१२-१३ च्या सुमारास निऑनच्या नोंदीत २० या द्रव्यमानाच्या रेषेबरोबर २२ चीही रेषा दिसली. ती निऑनच्या एखाद्या हायड्राइडची असावी, ही शंका त्यांनाही होती. फ्रान्सिस ॲस्टन यांच्या द्रव्यमान वर्णपटलेखकाने (अणू द्रव्यमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणाने) १९१९ पासून ती फिटली. केंद्रात नेमके काय असते हे तेव्हा ठाऊक नव्हते. जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला तो १९३२ मध्ये.

हायड्रोजनच्या बाबतीत रासायनिक सारखेपणा ढळतो, कारण ड्यूटेरियम (हायड्रोजन-२) नेहमीच्या हायड्रोजनच्या दुप्पट जड आहे. रायगड जिल्ह्यातील थळ येथील जड पाण्याचा (ड्यूटेरियमयुक्त पाण्याचा) कारखाना हाच भेद वापरतो: अमोनिया व हायड्रोजन यांच्यातील विनिमयात ड्यूटेरियम अमोनियात जास्त साठते.

कथिलाची १० स्थिर समस्थानिके आहेत, सोन्याचे एकच, टेक्नेशियमचे एकही नाही. बिस्मथ-२०९ दीर्घकाळ स्थिर मानले जाई. २००३ मध्ये त्याचा अल्फा क्षय (अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर पडणे) नोंदला गेला. अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे १.९ × १०^१९ वर्षे, म्हणजे विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून अधिक, असल्याने व्यवहारात ते अजूनही स्थिरच धरतात.