रेड स्पेशल आणि ब्रायन मे यांची ध्वनिसामग्री

रेड स्पेशल : ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडील हॅरल्ड मे यांच्या मदतीने घरी बनवलेली विद्युत गिटार. लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम येथे १९६३ मध्ये काम सुरू झाले आणि ते सुमारे दोन वर्षे चालले. सामानाचा खर्च ८ पौंडांच्या आसपास आला. क्वीनचे जवळपास सगळे ध्वनिमुद्रण आणि मंचावरचे वादन याच गिटारवर झाले. मात्र मे यांचा ओळखीचा आवाज एकट्या गिटारचा नाही. तारा छेडायचे नाणे, गिटार, वरचे स्वर पुढे ढकलणारा ट्रेबल बूस्टर आणि पूर्ण आवाजावर उघडलेला, काचेच्या नळ्यांवर चालणारा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर ही एक सलग साखळी आहे. तिची एक कडी बदलली की पुढच्या कडीचे वागणे बदलते. नुसती गिटार विकत घेणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच.

घडण : गिटारची मान शंभरावर वर्षे जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरली आहे. त्या लाकडाला किडीने पाडलेली भोके आगकाड्या ठोकून बुजवली. धडाचा गाभा जुन्या टेबलाच्या ओक लाकडाचा असून भोवती ब्लॉकबोर्ड आणि वरून महोगनीचे व्हीनिअर आहे. धडात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या आहेत. अ‍ॅम्प्लिफायरसमोर उभे राहिल्यावर धड थरथरून स्वर लांबावा, म्हणजे फीडबॅक काबूत ठेवून वापरता यावा, हा हेतू सुरुवातीपासूनच होता. फिंगरबोर्डही ओकचाच, काळा रंगवलेला. त्यावर २४ फ्रेट (स्वरांच्या धातूच्या पट्ट्या) आहेत आणि खुणेचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या बटणांतून घासून काढले आहेत. तारेची मापलांबी, म्हणजे तार मोकळी कंप पावते ती लांबी, २४ इंच आहे. फेंडरच्या २५.५ इंचांपेक्षा ती कमी असल्याने त्याच जाडीची तार इथे सैल राहते आणि बोटाने तार ओढून मींड घेणे सोपे जाते. तारा ०.००९ ते ०.०४२ इंच, म्हणजे हलक्याच.

ट्रेमोलोची, म्हणजे दांड्याने तारांचा ताण बदलून स्वर हलवण्याच्या यंत्रणेची, जुळणी सर्वांत हुशारीची आहे. तारा धरणारी पट्टी पोलादी सुरीसारख्या धारेवर तोललेली आहे आणि तारांचा ताण १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या दोन व्हॉल्व्ह-स्प्रिंग पेलतात. दांडा सायकलच्या खोगीर-पिशवीच्या आधाराचा, तर त्याचे टोक विणकामाच्या सुईचे. ट्रेमोलो वापरल्यावर गिटार बेसूर होते याचे कारण सहसा स्प्रिंग नसते. तार जिथे जिथे टेकते तिथे घासते, अडकते आणि मूळ जागी पूर्ण परतत नाही, हे खरे कारण. म्हणून ब्रिजवर, म्हणजे धडावरच्या घोडीवर, प्रत्येक तारेसाठी हाताने घडवलेले फिरते रूळ बसवले आहेत आणि मानेच्या टोकाशी शून्य फ्रेट आहे. उंची शून्य फ्रेट ठरवतो, त्यामुळे नटचे, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीचे, काम तार जागेवर ठेवण्यापुरतेच उरते.

पिकअप आणि जोडणी : आधी तारेचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे पिकअपही घरीच गुंडाळले होते, पण तार आडवी ओढली की त्यांचा आवाज तुटायचा. मग बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक घेतले. त्यांची वेटोळी सैल असल्याने ती कंप पावून चिरक्या आवाजात शिट्टी मारत. त्यावर उपाय म्हणून आत अराल्डाइट ओतले. धडाचा फीडबॅक हवा होता, वेटोळ्याचा नको होता.

नेहमीच्या गिटारमध्ये पिकअप समांतर जोडलेले असतात. येथे ते एकसर, म्हणजे एकामागोमाग एक जोडले आहेत. प्रत्येकाला चालू-बंद करण्याचा एक आणि कला (फेज, म्हणजे कंपाची वर-खाली दिशा) उलटवण्याचा एक, असे एकूण सहा स्विच आहेत. शिवाय एक व्हॉल्यूम, एक टोन. ब्रिजजवळचा आणि मधला पिकअप समकलेत चालू केले की दोघांचे संकेत एकमेकांत मिळतात आणि भरदार, जोरकस आवाज येतो. मे यांची ही नेहमीची जोडी. त्यांपैकी एकाची कला उलटी केली तर समान भाग एकमेकांना खोडतात. खालचे स्वर जास्त खोडले जात असल्याने पातळ, नाकातला, धारदार आवाज उरतो. नवशिक्यांची गल्लत इथेच होते : एकच पिकअप चालू असताना कलेचा स्विच हलवून काही ऐकू येत नाही, आणि स्विच बिघडला असे वाटते. खोडायला दुसरा पिकअपच नसतो.

नाणे : मे प्लास्टिकचे पिक न वापरता जुन्या सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतात. व्यास सुमारे १९.४ मिलिमीटर, वजन २.८ ग्रॅम, कडेला बारीक दाते. धातू वाकत नसल्याने तारेचा सगळा प्रतिकार थेट बोटांपर्यंत पोचतो. म्हणून नाणे सैल धरावे लागते, घट्ट धरले तर तारा तुटतात. सपाट लागले तर आघात मऊ, किंचित तिरके केले तर दाते तारेवर खरडून स्वराच्या सुरुवातीला ‘ख’सारखा उच्चार येतो. नाणे १९८० मध्ये चलनातून गेले. १९९३ च्या दौऱ्यासाठी रॉयल मिंटने खास नाणी पाडून दिली होती.

बूस्टर आणि एसी-३० : मे यांचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे व्हॉक्स एसी-३०. त्यात चार ईएल-८४ व्हॉल्व्ह आणि १२ इंची दोन स्पीकर असतात. त्याच्या शक्तिवर्धक भागात ऋण पुनर्भरण (बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलटा करून परत आत सोडणे) नाही. त्यामुळे स्वच्छ आवाजातून विरूपणाकडे (डिस्टॉर्शनकडे) जाताना मध्ये ठोस सीमा लागत नाही, आवाज हळूहळू पिकत जातो. मे ‘नॉर्मल’ मार्ग वापरतात आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत उघडतात. एवढ्यावर थांबले तर खालचे स्वर गढूळ होतात, कारण विरूपणात बेस आधी फुटतो. गिटारनंतर लगेच ट्रेबल बूस्टर येतो तो यासाठी. तो बेस मागे ठेवून वरच्या कंप्रता जोराने पुढे ढकलतो, त्यामुळे कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. ही जोडी त्यांनी आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर यांच्याकडून उचलली. गॅलाघर डॅलस रेंजमास्टर वापरत. पुढे मे यांच्यासाठी पीट कॉर्निश, ग्रेग फ्रायर आणि नायजेल नाइट यांनी बूस्टर बनवले.

बाकी सगळे गिटारच्या व्हॉल्यूम बटणावर. दहावर सोलो, सातच्या आसपास ऱ्हिदम, तीन-चारवर जवळपास स्वच्छ. पायाने दाबायची पेडल फारशी लागत नाहीत. बूस्टर मात्र थेट पिकअपला जोडलेला हवा. मध्ये बफर (दोन भागांना एकमेकांपासून अलग ठेवणारे सर्किट) असलेले पेडल आले तर पिकअप आणि बूस्टरचा परस्परसंबंध तुटतो आणि आवाज कर्कश होतो. हीच साखळी पिकअपची गुणगुणही वाढवते, तेव्हा दोन गाण्यांमध्ये गिटार शून्यावर आणण्याची सवय लागते. ३० वॉट कागदावर कमी वाटतात, पण पूर्ण उघडलेला एसी-३० घरात सोसत नाही. स्पीकरकडे जाणारी शक्ती कमी करणारा, भार पेलणारा अ‍ॅटेन्युएटर लावावा. ईएल-८४ यात कायम तापलेले राहतात आणि लवकर थकतात, बदलताना चारही एकसारखे जुळवून घ्यावे.

प्रतिध्वनी : १९७० च्या दशकात मे यांनी इकोप्लेक्स या टेपवरच्या यंत्राचा विलंब वाढवून घेतला आणि उशिराने येणारे दोन प्रतिध्वनी दोन वेगळ्या एसी-३० मधून सोडले. ‘ब्रायटन रॉक’मधला सोलो असा स्वतःशीच तीन आवाजांत बोलतो. अ‍ॅम्प्लिफायर वेगळे का? विरूपणात गेलेल्या एकाच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन स्वर एकत्र शिरले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नको ते स्वर तयार होतात आणि सुसंवाद चिखलात जातो.

डीकी अ‍ॅम्प : बेसवादक जॉन डीकन यांना कचऱ्याच्या कुंडीत एक सर्किट बोर्ड मिळाला. तो त्यांनी लहान स्पीकरच्या पेटीत बसवला. ९ व्होल्टची पीपी-९ बॅटरी, जर्मेनियम ट्रान्झिस्टर, एक वॉटही शक्ती नाही आणि आवाजाचे बटणच नाही. थरावर थर चढवून ध्वनिमुद्रित केला की यातून सनई-तुतारीसारखे वाद्यवृंदाचे रंग निघतात. १९७५ च्या ‘गुड कंपनी’तला जॅझ बँड प्रत्यक्षात गिटारच आहे. सिंथेसायझर वापरलेला नाही, हे सत्तरीतल्या अल्बमच्या वेष्टनांवर छापावे लागे ते उगाच नाही.

अपवाद : ‘क्रेझी लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह’मध्ये फेंडर टेलिकास्टर आहे आणि ‘लाँग अवे’मध्ये बर्न्सची बारा तारांची गिटार. बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढले हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असते. पण आपल्या कानाला जास्त जवळची गोष्ट ‘व्हाइट क्वीन’मध्ये आहे. तिथे मे यांनी एका जुन्या, स्वस्त अकूस्टिक गिटारच्या ब्रिजवर फ्रेटच्या तारेचा तुकडा असा ठेवला की तारा त्याला हलक्या घासून सतारीसारख्या झणझणतात. मिरजेचे कारागीर सतारीची घोडी कानसीने घासत जी जवारी काढतात, तिची ही जुगाडू भावंड. सतारीची घोडी रुंद असल्याने जवारी सर्व स्वरांवर टिकते, इथे ती तुकड्याच्या जागेवर अवलंबून राहते.

प्रतिकृती : गिल्डने १९८० च्या दशकात आणि बर्न्सने २००१ मध्ये प्रतिकृती काढल्या. नंतर मे यांच्याच नावाची कंपनी त्या विकू लागली. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग फ्रायर यांनी मूळ गिटारची मापे घेऊन तीन नेमक्या प्रतिकृती बनवल्या आणि १९९८ मध्ये मूळ गिटारची डागडुजीही केली. विकत घेताना आधी जोडणी पाहावी. एकसर जोडणी आणि कलेचे तीन स्विच नसतील तर ती फक्त लाल गिटार आहे. जर्मेनियम बूस्टर जोडताना आणखी एक काळजी घ्यावी : रेंजमास्टरच्या धाटणीच्या सर्किटमध्ये जमिनीकडची (ग्राउंडची) बाजू इतर पेडलांच्या उलट, धन असते. इतर पेडलांच्या सामायिक वीजपुरवठ्यावर तो लावला तर पुरवठा शॉर्ट होतो, म्हणून त्याला स्वतंत्र बॅटरी द्यावी. जर्मेनियम उष्णतेने गळतो, उन्हाळ्यातल्या खुल्या मंचावर त्याचा आवाज बदलतो. अशा ठिकाणी सिलिकॉनचा बूस्टर बरा.