‘हाताने केलेले’ म्हणजे कोणाच्या हाताने? कोलाजच्या ऑनलाइन विक्रीची पार्श्वभूमी

जुलै २०२४ पासून एट्सी या ब्रुकलिनच्या प्रसिद्ध ऑनलाइन बाजारात प्रत्येक वस्तूला चारपैकी एक शिक्का लागतो: विक्रेत्याने स्वतः बनवलेली, त्याने डिझाइन केलेली, त्याने वेचून आणलेली, किंवा त्याने मिळवून दिलेले कलाकुसरीचे सामान. कोलाज करणाऱ्यांची पंचाईत अशी, की एकाच टेबलावरचा माल चारही खणांत जातो. कात्रणे डकवून केलेले मूळ चित्र पहिल्यात. तेच स्कॅन करून बाहेर छापून घेतलेला प्रिंट दुसऱ्यात. वीस वर्षांहून जुन्या मासिकांच्या पानांचा गठ्ठा तिसऱ्यात आणि नव्या रंगीत कागदांचे पाकीट चौथ्यात. या गुंत्याला एका शब्दाचा मोठा इतिहास आहे. तो शब्द म्हणजे ‘हँडमेड’.

१९१२ मध्ये पॅरिसला वेताच्या विणीचे छापील ऑइलक्लॉथ पिकासोच्या कॅनव्हासवर कसे आले, ती कोलाजच्या सुरुवातीची गोष्ट इथे पुन्हा सांगत बसत नाही. विक्रीच्या दृष्टीने मला १९५९ हे साल जास्त महत्त्वाचे वाटते. तोवर अमेरिकेच्या बंदरात उतरलेले कोलाज कस्टम्सवाल्यांच्या लेखी चित्र नसे. ते ज्या वस्तूचे बनलेले, त्या वस्तूचा माल म्हणून त्यावर जकात बसे. १९५९ च्या दुरुस्तीने कोलाजमध्ये डकवलेला कागद आणि इतर साहित्य, मग ते कारखान्यातून आलेले का असेना, कलाकृतीच्या व्याख्येत घेतले. आजच्या आंतरराष्ट्रीय जकात यादीतही ९७०१ क्रमांकाखाली रंगचित्रांना ‘संपूर्णपणे हाताने केलेली’ अशी अट आहे. कोलाजचे नाव त्याच मथळ्यात अर्धविरामानंतर येते आणि ही अट त्याला लागत नाही. मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाला कोलाज बऱ्यापैकी कळले होते म्हणायचे.

आपल्याकडेही हा पेच जुनाच. १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्याची देवादिकांची चित्रे घरोघर पोचली. कित्येक चित्रांत लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील साडीवर मागाहून खरे कापड, जर आणि टिकल्या डकवलेल्या आढळतात. चेहरा सगळीकडे तोच, साडी मात्र प्रत्येकीची वेगळी. अशी तसबीर विकायला काढली तर शिक्का कोणता मारणार?

इंटरनेटवरच्या विक्रीची खरी सुरुवात मात्र पत्त्याएवढ्या कार्डांनी झाली. अडीच बाय साडेतीन इंचांच्या चित्रकार्डांची चळवळ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झुरिकमध्ये निघाली. तिचा नियम साधा होता: अदलाबदल करायची, विकायचे नाही. पुढे लिलावाच्या संकेतस्थळांवर त्याच मापाची कार्डे विक्रीला आली तेव्हा नियम मोडल्याचा ठपका नको म्हणून त्यांना वेगळे नाव दिले गेले. कोलाजला हे माप फार मानवले. बसच्या तिकिटाचा तुकडा, शिवणकामाच्या नमुन्याचा पिवळट पातळ कागद, जुन्या जाहिरातीतला एक डोळा, एवढ्यावर कार्ड भरते. साध्या लिफाफ्यात जात असल्यामुळे टपालखर्चही किरकोळ.

२००५ मध्ये ब्रुकलिनचा बाजार उघडला. पुढची बरीच वर्षे वस्तू मांडायला २० सेंट आणि विकली गेली तर साडेतीन टक्के, असा हिशेब होता. त्या काळातली दुकाने ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल, फोटो काहीसे अंधारे असत, खिडकीतल्या उजेडात काढलेले, पण त्यांत कागदाची कड दिसे. मासिकाचा गुळगुळीत कागद कापला की आतली पांढरी कड उघडी पडते. निगुतीने काम करणारे मागून पॉलिश पेपर फिरवून ती पातळ करतात किंवा पेन्सिलने रंगवतात. हाताचा खरा पुरावा त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये असतो, आणि प्रिंटमध्ये नेमका तोच सपाट होतो.

तेव्हाचा नियम असा होता, की वस्तू विक्रेत्याने केलेली हवी. मधल्या कामाला बाहेरची मदत चालत असे: स्वतःच्या मूळ चित्राचे प्रिंट छापून घेणे, मातीची भांडी दुसऱ्याच्या भट्टीत भाजणे. ‘मधले काम’ कुठे संपते यावरून कुरबुर सुरू होतीच. २०१२ मध्ये बाजाराने स्वतःच्याच पानावर गौरवलेल्या एका फर्निचर विक्रेत्याचा माल परदेशी कारखान्यातला असल्याचा आरोप झाला. निषेध म्हणून काही दुकानदारांनी एक दिवस दुकाने बंद ठेवली.

त्यानंतर ऑक्टोबर २०१३ मध्ये तो निर्णय आला. बाहेरच्या उत्पादकाकडून माल बनवून घ्यायला मुभा मिळाली, फक्त आधी अर्ज करून मंजुरी घ्यायची. माल परस्पर गिऱ्हाइकाला पाठवण्याचे कामही दुसऱ्याकडे देता येऊ लागले. ‘हँडमेड’ शब्द काढला नाही, त्याचा अर्थ बदलला. कर्तृत्व, जबाबदारी आणि पारदर्शकता या तीन शब्दांवर नवी व्याख्या उभी केली गेली. म्हणजे कल्पना तुमची, उत्तरदायित्व तुमचे, आणि कोणाकडून करून घेतले ते सांगायचे. हात कोणाचा, हा प्रश्न व्याख्येतून बाहेर गेला.

बाजाराची बाजूही लंगडी नव्हती. दिवसाला पन्नास ऑर्डरी आलेल्या बाईने रात्रभर जागून पाकिटेच भरत बसावे काय, हा सवाल रास्त होता. पण विणकाम किंवा दागिन्यांपेक्षा कोलाजला ही व्याख्या वेगळ्या ठिकाणी लागली. इथे कच्चा माल आधीच दुसऱ्या कोणीतरी काढलेला, टिपलेला, छापलेला असतो. विक्रेत्याचे म्हणावे असे निवडणे, कापणे आणि डकवणे एवढेच. त्यातले कापणे-डकवणे व्याख्येतून गेले की निवड उरते, आणि निवड तर स्क्रीनवरही होते. पाच-सहा तास बसून केलेले मूळ कोलाज एकदाच विकले जाते. त्याच्या फाइलवरून छापील कप, पोस्टर आणि उशीचे अभ्रे कितीही निघतात. त्यामुळे कोलाजवाल्यांतच दोन तट पडले, आणि प्रिंटवाल्यांना दोष देणे मला तरी जमत नाही. घरभाडे त्यातूनच सुटते.

प्रिंटमुळे दुसरे लचांड मागे लागले ते कॉपीराइटचे. अमेरिकी कायद्यात विकत घेतलेले मासिक कापून केलेला एकमेव तुकडा विकणे आणि त्याच्या शेकडो प्रती काढणे या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून १९२३ पूर्वीच्या छापील चित्रांवर सगळ्यांची भिस्त असे. १ जानेवारी २०१९ ला १९२३ ची प्रकाशने मुक्त झाली, आणि तेव्हापासून दर नव्या वर्षी एकेक साल खुले होते.

पुढचे सगळे पैशाचे. कमिशन जुलै २०१८ मध्ये पाच टक्क्यांवर आणि एप्रिल २०२२ मध्ये साडेसहावर गेले. दुसऱ्या वाढीच्या वेळी हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवली. दर काही खाली आला नाही. २०२४ च्या चार शिक्क्यांत एआयने बनवलेले चित्रही ‘डिझाइन केलेले’ या खणात बसते, सांगून विकायचे एवढीच अट. त्यामुळे हाताने कापून मग छापलेले कोलाज आणि कात्रीला हात न लावता बनवलेले ‘कोलाज’ शेजारी शेजारी आले.

भारतातून विकणाऱ्यांच्या वाटेत कागदपत्रे अधिक. ऑनलाइन बाजारातून विकायचे तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांची ती सक्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून उठली. ९७०१ खालचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी बंद केली आणि भारतीय टपालाने तिकडची बहुतेक पार्सले थांबवली. १५ ऑक्टोबर २०२५ ला खिडकी पुन्हा उघडली ती नव्या हिशेबाने: तेव्हा जाहीर किमतीच्या ५० टक्के जकात बुकिंगच्या वेळीच भरावी लागे, वस्तू कोणती ते न पाहता सरसकट. फॉर्मवर ‘ओरिजिनल कोलाज’ लिहिले काय की ‘प्रिंट’, दर तोच होता.