खोलीची खोली: फॅशन बाहुल्यांच्या छोट्या देखाव्यांची पार्श्वभूमी

बार्बीसारखी, कपडे बदलता येणारी २९ सेंटिमीटर उंचीची फॅशन बाहुली आणि तिच्याभोवती उभा करायचा दिवाणखाना किंवा शयनगृह, हा हिशेब गेली साठहून अधिक वर्षे जमता जमत नाही. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशी साधी खोली १:१२, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या भागाएवढ्या, या जुन्या बाहुलीघरांच्या प्रमाणात केली, तर ती २५ सेंटिमीटर लांबीरुंदीच्या आणि २० सेंटिमीटर उंचीच्या खोक्यात बसते. तीच खोली फॅशन बाहुलीच्या १:६ प्रमाणात केली, तर ५० सेंटिमीटर लांबीरुंदी आणि ४० सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे आठपट घनफळ. मराठीत ‘खोली’ हा शब्द दालनासाठीही वापरतात आणि आतपर्यंतच्या अंतरासाठीही, आणि या छंदात अडचण नेमकी या दुसऱ्या अर्थाच्या खोलीची असते, कारण उंची आणि रुंदी कशीबशी मिळाली तरी मागे जायला जागा उरत नाही.

ही अडचण सोडवण्याची साधने या बाहुल्यांच्या फार आधीची आहेत. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी बंद पेटीच्या आतील बाजूंवर घराचे अंतर्भाग अशा कोनात रंगवले, की एका भोकातून पाहिल्यास दालनामागे दालन दिसावे. ‘डायोरामा’ हा शब्द १८२२ मध्ये पॅरिसमध्ये आला, तेव्हा तो एका प्रेक्षागृहाचा होता. तेथे अर्धपारदर्शक कापडावर रंगवलेल्या प्रचंड दृश्यांवर पुढून-मागून प्रकाश बदलत सोडला जाई आणि सपाट कापडाला खोलवर गेल्याचा भास येई. पुढे अमेरिकेतील निसर्ग-संग्रहालयांतील काचेआडच्या प्राणिदृश्यांनाही हा शब्द लागला आणि मागची भिंत गोलाकार वळवण्याची पद्धत रूढ झाली. कोपरा दिसला नाही, की डोळ्याला भिंत कोठे संपते हे ठरवता येत नाही. १९३० च्या दशकात शिकागोत घडवलेल्या १:१२ च्या प्रसिद्ध दालनांनी आणखी एक गोष्ट शिकवली. अर्धवट उघड्या दारातून पलीकडच्या उजळलेल्या सोप्याचा किंवा बागेचा तुकडा दिसला, तर पाहणारा न बांधलेले उरलेले घर मनातच पुरे करतो.

फॅशन आणि देखावा हे दोन धागे एकत्र आले ते मुख्यतः १९४५ मध्ये. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या टंचाईत पॅरिसच्या वस्त्रकारांनी तारेच्या, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या बाहुल्यांना खरेखुरे शिवलेले कपडे घातले आणि रंगमंचाच्या नेपथ्यकारांनी त्यांच्यासाठी चौक, रस्ते व नाट्यगृहे उभी केली. त्या प्रदर्शनाला संग्रहालयातील दालने उपलब्ध होती. घरातील टेबलावर मावण्याचा प्रश्न खरा सुरू झाला तो १९५९ मध्ये, बार्बी बाजारात आल्यावर.

तिचे पहिले घर १९६२ चे. ते जाड पुठ्ठ्याचे होते, उघडल्यावर एकाच खोलीचे आणि मिटल्यावर पेटीसारखे उचलून नेता येण्याजोगे. त्यात स्वयंपाकघर नव्हते. खाट, कपाट, दूरदर्शन संच आणि बैठक असे सगळे सामान भिंतीला टेकवून ठेवायचे आणि मधली जागा बाहुलीसाठी मोकळी सोडायची. माझ्या मते छोट्या जागेच्या रचनेचा याहून चांगला नमुना नंतरच्या मोठ्या घरांनी दिला नाही. १९७४ च्या तीन मजली घरात उभे चढत जाऊन जागा मिळवली गेली आणि मागच्या छापील पडद्यांवर उरलेले सामान चितारले गेले. १९७९ चे उतरत्या छपराचे घर तर अनेक मुलांच्या खोलीचा मोठा भाग व्यापून बसे.

या सगळ्यात सर्वाधिक वाद झडतात ते १:६ या आकड्यावर, आणि तो गुंता थोडा उलगडायला हवा. २९ ला सहाने गुणले की १७४ सेंटिमीटर येतात, म्हणजे उंच प्रौढ स्त्री. येथपर्यंत प्रमाण खरे आहे. पण चेहरा, डोळे आणि केस त्या प्रमाणाहून मोठे, तर पावले त्याहून लहान, इतकी की बहुतेक बाहुल्या आधाराच्या स्टँडशिवाय उभ्या राहत नाहीत आणि तो स्टँडही जमीन अडवतो. कापडाची जाडी तर कोणत्याच प्रमाणात लहान होत नाही, त्यामुळे घेरदार झगा घातलेली बाहुली प्रत्यक्षातील त्याच पोशाखातल्या स्त्रीपेक्षा जास्त जागा घेते. शिवाय खेळण्यांच्या उत्पादकांनी स्वतःच हे प्रमाण फारसे पाळले नाही. नियमाने सोफा ३५ सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर खोल हवा, पण दुकानात मिळणारा सोफा त्याहून आखूड आणि उथळ असतो. काटेकोर संग्राहक अशा सामानाला अप्रमाणबद्ध म्हणून बाजूला सारतात. मला हा आग्रह एकांगी वाटतो. बसण्याची उंची, म्हणजे साधारण सात सेंटिमीटर, आणि दाराची उंची या दोन ठिकाणी प्रमाण चुकले तर डोळ्याला लगेच खटकते, कारण बाहुलीचे शरीर तेथे वस्तूशी थेट मोजले जाते. सोफ्याची किंवा कपाटाची खोली एक तृतीयांशाने कमी केली तर समोरून पाहणाऱ्याला ते सहसा कळतही नाही. छोट्या देखाव्यात जी जागा वाचते, ती बहुतांशी येथूनच वाचते.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर जपानमध्ये १९६७ मध्ये दिले गेले आणि त्यावर आजही मतभेद आहेत. परदेशी फॅशन बाहुलीसाठी हातात नेता येईल असे घर बनवू पाहणाऱ्या एका खेळणी उत्पादकाला आढळले, की ३० सेंटिमीटरच्या बाहुलीचे घर मुलीला उचलता येणार नाही आणि तिथल्या राहत्या घरांत ते मावणारही नाही. तेव्हा घर लहान करण्याऐवजी बाहुलीच लहान केली गेली. सुमारे २१ सेंटिमीटर उंचीच्या त्या लिक्का नावाच्या बाहुलीला शाळकरी वय दिले गेले. टीकाकारांच्या मते त्यामुळे फॅशन बाहुलीचे प्रौढपण हरवले. मला मात्र हा निर्णय सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण जागेची मर्यादा शेवटी उरणारी अडचण न मानता ती रचनेची पहिली अट म्हणून स्वीकारली गेली.

अलीकडचे बदल वेगाने झाले. २०१० नंतर छायाचित्रे सर्वत्र पोहोचू लागली आणि देखावा कॅमेऱ्याच्या एकाच कोनासाठी रचण्याची सवय जडली. त्यासाठी दोन भिंती आणि जमीन पुरते. सपाट पट्टीच्या एलईडी दिव्यांनी उष्णतेची भीती संपवली आणि छताजवळची दोन-तीन सेंटिमीटर जागा परत मिळाली. पुस्तकांच्या कपाटातील ३३ सेंटिमीटर चौरस खण अनेकांची कायमची खोली बनला. १:६ नुसार त्याची उंची दोन मीटरलाही थोडी कमी पडते, म्हणून तेथे वरची कड पुढच्या पट्टीआड लपवून छत दाखवायचेच टाळतात, आणि ३३ सेंटिमीटरची खाट संपूर्ण रुंदी खाते म्हणून ती आडवी न ठेवता पायथा पुढे करून लावतात. २०१८ मध्ये पुस्तकांच्या मधोमध बसणाऱ्या अरुंद गल्ल्यांच्या प्रतिकृती गाजल्यावर मागच्या भिंतीला आरसा लावून, मागे १:१२ चे सामान आणि पुढे १:६ चे ठेवून फसवे यथादर्शन, म्हणजे खोल अंतराचा भास, साधण्याकडे कल वाढला. आरसा थोडा तिरका बसवावा लागतो, नाहीतर पाहणाऱ्याचे तोंडच खोलीत दिसते.

या सर्वांहून मोठी भर २०१५ च्या सुमारास आलेल्या अनेक सांध्यांच्या शरीरांनी घातली, असे मला वाटते. ताठ पायांची बाहुली खुर्चीत नीट बसत नसे, म्हणून बहुधा उभीच ठेवावी लागे. गुडघे, कंबर आणि कोपर नीट वळणारी बाहुली खुर्चीत बसली की जमिनीपासून डोक्यापर्यंत साधारण २२ सेंटिमीटर भरते, आणि २५ सेंटिमीटर उंचीचा जो खण पूर्वी निरुपयोगी ठरत असे, त्यात आता ती टेबलापाशी वाचत बसू शकते.