न भुंकणारं कुत्रंही राखण करतं
(नवीन ग्राहकांसाठी माहितीपत्रक. शिकवणी सुरू व्हायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी वाचावं, कुत्र्याला भाकरी घालणाऱ्यानं तर नक्कीच.)

"याला जरा तेज करून द्या" ही मागणी आम्हाला रोजची आहे. नांदेडात तरोड्याच्या फ्लॅटमधला लॅब्राडोर असो की लोह्याकडच्या शेतातल्या आखाड्यावरचं गावठी कुत्रं, तक्रार एकच: कुणी आलं तरी भुंकत नाही, नुसतं बघत बसतं. मालकाला वाटतं, भाकरी वाया चालली.

आमचा अनुभव वेगळा आहे. भुंकण्याची पाळी येण्याआधी कुत्रं बरंच काही करून चुकलेलं असतं, पण त्याला आवाज नसतो म्हणून आपलं लक्ष जात नाही. ते ओळखायला शिकलात तर कुत्र्याला तेज करायची गरज सहसा पडत नाही. आणि ज्या कुत्र्याला लोक "लई तेज" म्हणून मिरवतात, ते पुष्कळदा नुसतं घाबरलेलं असतं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

बसतं कुठं, ते बघा

राखणीची पहिली खूण म्हणजे जागा. तुम्ही खुर्चीत बसलात की कुत्रं येऊन पायाशी बसतं, पाठ तुमच्याकडे आणि तोंड दाराकडे. तुमच्यावर त्याचा भरवसा आहे, म्हणून पाठ तुमच्याकडे. ज्याची खात्री नाही त्या बाजूला डोळे. रात्री ते अशा ठिकाणी आडवं होतं की तिथून झोपायची खोलीही दिसते आणि बाहेरचं दारही. तुम्ही न्हाणीघरात गेलात तरी बाहेर बसून राहतं. अनोळखी माणूस ओसरीवर आला तर न गुरगुरता, न धावता तुमच्या दोघांच्या मधून चालत जातं आणि तिथंच थबकतं. पाहुण्याला वाटतं कुत्रं वाटेत आलं. ते मुद्दाम आलेलं असतं.

पण लगेच कौतुक करू नका. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशीच्या वर गेला की उंबऱ्यातली फरशी गार असते आणि तिथं वाऱ्याची झुळूकही लागते, त्यामुळे कुत्रं उंबऱ्यात झोपलं म्हणजे राखणच करतंय असं नाही. खात्री करायची असेल तर तुमची खुर्ची खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन बसा. कुत्रं थोड्या वेळानं उठून पुन्हा तुमच्या आणि दाराच्या मध्ये येऊन बसलं, तर त्याचं लक्ष तुमच्यावर आहे. उंबऱ्यातून हललंच नाही तर त्याचं प्रेम फरशीवर आहे, आणि तेही बरोबरच आहे.

घरात दोघांचा आवाज चढला की काही कुत्री मधे घुसतात, तर काही एकाच्या गुडघ्यावर डोकं टेकतात. यात तुमचा बचाव किती आणि "आता पुरे" ही विनवणी किती, हे वेगळं काढता येत नाही. आपली घालमेल त्यांना नाकानं कळते, हे मात्र तपासून झालेलं आहे. 2022 मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात माणसांना अवघड तोंडी गणित घातलं आणि त्याआधीचा व नंतरचा त्यांचा श्वास आणि घाम कापडावर घेतला. शिकवलेल्या कुत्र्यांनी ताणाखालचा नमुना 93 टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखला. म्हणून फोनवर बँकेशी बोलताना कुत्रं येऊन चिकटलं तर त्याला हाकलू नका.

ते तुमच्या तोंडाकडे बघतं

सगळ्यात महत्त्वाची खूण हीच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही हिच्याकडेच होतं. बेल वाजते, कान ताठ होतात, मान वर येते. पुढच्याच क्षणाला कुत्रं मागे वळून तुमच्याकडे बघतं. तुम्ही मोबाइलमध्ये असता.

इटलीतल्या मिलान विद्यापीठात 2012 मध्ये असा प्रयोग झाला. हिरव्या फिती बांधलेला पंखा खोलीत फिरत ठेवला. कुत्र्यांनी असलं काही कधी बघितलं नव्हतं. बहुतेक कुत्र्यांनी पंख्याकडे बघून मग मालकाकडे बघितलं. मालक खुशीत बोलला तर ती जवळ जाऊ लागली; तो घाबरल्यासारखा बोलला तर तीही मागे सरकली. म्हणजे समोरचं कसलं आहे हे कुत्रं पुष्कळदा तुमच्या चेहऱ्यावरून ठरवतं. हप्त्याची वसुली करणारा माणूस दारात दिसला की तुमचे खांदे आखडतात, आवाज बारीक होतो. पुढच्या वेळी कुत्रं त्याच माणसावर गुरगुरलं की आपण म्हणतो, "याला माणसं बरोबर कळतात." त्याला तुम्ही कळलेले असता.

जपानमधल्या क्योटो विद्यापीठातही 2015 मध्ये एक मजेशीर चाचणी झाली. मालक एक डबा उघडायला धडपडतोय आणि शेजारी बसलेल्या माणसाची मदत मागतोय. एका गटातल्या कुत्र्यांसमोर शेजाऱ्यानं मदत केली, दुसऱ्या गटासमोर तोंड फिरवलं. नंतर तो शेजारी आणि एक तटस्थ माणूस, दोघांनी कुत्र्यासमोर खाऊ धरला. तोंड फिरवणाऱ्याचा खाऊ कुत्र्यांनी टाळला. मदत करणाऱ्याला मात्र त्यांनी काही विशेष मान दिला नाही. आपल्या माणसाशी कोण वाकडं वागलं एवढं त्यांनी ध्यानात ठेवलं. घरी कुत्रं एखाद्याच्या हातचं बिस्किट न घेता बाजूला सरकलं, तर त्याला "खा ना रे" म्हणून ओढून आणू नका.

रानातली राखण

ज्यांच्या शेताला रात्रीची लाइट आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला तुम्ही निघता, कुत्रं बांधावरून चार-पाच पावलं पुढे असतं. मधेच थांबतं. शेपूट स्थिर, एक पाय उचललेला, नाक खाली किंवा वाऱ्याच्या दिशेला. कधी आडवंच उभं राहतं आणि तुम्हाला पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी "चल की रं" म्हणत त्याला ढकलू नका. पुढे साप असेल, रानडुकराचा कळप असेल, नाही तर नुसती घूस असेल. बॅटरी मारून बघायला अर्धं मिनिट लागतं. घूस निघाली तरी त्याला शाबासकी द्या, म्हणजे पुढच्या वेळीही ते थांबेल.

कारवान पाळणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण हे आपल्या भागाचं कुत्रं. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानसाठी ओळखलं जातं, आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं तिथं ही कुत्री बघून अनेकांना ती पाळावीशी वाटतात. कारवान नजरेवर शिकार करणाऱ्या जातीचं आहे. त्याला लांबचं दिसतं, ते कमी भुंकतं आणि परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला रुचत नाही. आखाड्याच्या कडेला दगडासारखं उभं राहून लांबच्या रस्त्याकडे बघतंय, तर त्याची ड्युटी चालू आहे असं समजा. मोटारसायकलच्या किंवा शेळीच्या मागे सुटणं ही मात्र राखण नाही, ती पाठलागाची ओढ आहे. तिला शाबासकी दिलीत तर एक दिवस शेळीवाल्याला पैसे भरावे लागतील.

राखणीसारखं दिसतं, पण वेगळं असतं

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणारं, झेप घेऊन पुन्हा तुमच्या पायामागे पळणारं, शेपूट पोटाशी आणि कान मागे ओढलेलं कुत्रं तुम्हाला वाचवत नसतं. ते स्वतःला वाचवत असतं. दिवसभर साखळीला बांधलेलं कुत्रं असंच होतं: पळता येत नाही, मग आवाज वाढवतं. मिरची चारून, अंधारात कोंडून कुत्रं तेज होतं असं सांगणारे अजूनही भेटतात. त्यानं पोट बिघडतं, भीती वाढते आणि भ्यालेलं कुत्रं आधी घरच्या लेकरालाच चावतं, कारण लेकरूच जवळ असतं.

दुसरा प्रकार सोफ्यावरचा. ताईंच्या मांडीला टेकून बसलंय, दादा किंवा लेकरू जवळ आलं की गुरगुरतं. "माझ्यावर लई जीव आहे त्याचा" असं हसून सांगितलं जातं. कुत्र्यानं तिथं ताईंना हाडूक केलेलं असतं: हे माझं, दुसऱ्यानं जवळ यायचं नाही. याला उपाय साधा आहे: गुरगुरलं की रागवायचं नाही, बोलायचं नाही, ताईंनी उठून दुसऱ्या खोलीत जायचं. गुरगुरल्यावर माणूसच निघून जातं हे कुत्र्याला कळू द्या. बरोबरीनं, दादा जवळ आले की दादांच्याच हातून खाऊ. सोफ्यावरून "खाली" म्हटल्यावर उतरणं आम्ही पहिल्या काही दिवसांतच शिकवतो. त्याआधी दात दाखवून झाले असतील किंवा घरात लहान मूल असेल, तर घरच्या घरी प्रयोग न करता आधी आम्हाला सांगा.

आणि कालपर्यंत शांत असलेलं कुत्रं आज अचानक हात लावू देत नसेल, तर शिकवणीला आणू नका, जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. कान सडला असेल, दात किंवा सांधा दुखत असेल, गोचीड तापानं अंग मोडून आलं असेल. दुखणं बरं झालं की वागणं बहुधा आपोआप सुधारतं आणि आमची फी वाचते.

पाळण्याजवळ कुत्रं झोपतं, बाळ रडलं की आईला बोलवायला धावतं, हे खरं आहे आणि छानही आहे. तरी बाळ आणि कुत्रं यांना एकटं सोडू नका. कितीही गुणी असलं तरी नाही. यात आम्ही कुणाची भीड धरत नाही.

गुरगुरणं बंद करू नका

आमच्याकडे येणाऱ्या अवघड कुत्र्यांत "न सांगता चावतं" अशी बरीच असतात. खोलात गेलं की कळतं, ते लहानपणी गुरगुरायचं तेव्हा त्याला चपलेचा मार बसलेला असतो. त्यानं भीती गेली नाही, फक्त इशारा गेला.

इशारे साधारण अशा क्रमानं येतात. आधी उघडं तोंड मिटतं आणि अंग ताठ होतं. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं, त्यात डोळ्याचा पांढरा भाग दिसणं. मग ओठ वर, गुरगुर, हवेत तोंड मारणं आणि शेवटी चावा. अंग ताठ झालं तेव्हाच पाहुण्याला दोन पावलं मागे घेतलं, कुत्र्याला नावानं हाक मारून आपल्याकडे बोलावलं, तर पुढचं काही घडतच नाही. शेपूट हलतेय म्हणून भरवसा ठेवू नका. ताठ, उंच धरून भराभर हलणारी शेपूट म्हणजे आनंद नव्हे.

दारावर काय करायचं

कुत्र्यानं कान टवकारून तुमच्याकडे बघितलं की बघा, उठा, दाराशी जा, मोकळ्या आवाजात "बघितलं, बस" म्हणा. मग त्याला त्याच्या पोत्यावर किंवा सतरंजीवर पाठवून भाकरीचा तुकडा द्या. रोज झालं की कुत्रं शिकतं: आपण सांगायचं, पुढचं माणूस बघून घेतं. कांदा, चॉकलेट, द्राक्षं, मनुके मात्र देऊ नका. महालक्ष्म्या, लग्नं, वाढदिवस असे घर भरणारे दिवस असले की त्याला आतल्या खोलीत पाणी आणि चघळायला काहीतरी देऊन ठेवा.

मित्राला तोंड बांधून, चोर बनवून कुत्र्याची परीक्षा घेऊ नका. वाचवायची इच्छा असणं वेगळं आणि वाचवता येणं वेगळं. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या 2020 मधल्या अभ्यासात मालक मोठ्या पेटीत बसून मदतीसाठी ओरडले. 60 पैकी 20 कुत्र्यांनी दार उघडलं. हे कमी वाटेल, पण पेटीत खाऊ टाकला तेव्हाही 19 कुत्र्यांनाच ते उघडता आलं, आणि त्या 19 मधल्या 16 कुत्र्यांनी मालकालाही सोडवलं. बाकीच्यांचं प्रेम कमी होतं असं यावरून म्हणता येत नाही. त्यांना दार उघडायचं ठाऊकच नव्हतं. तुमच्या नकली चोराला बघून कुत्रं पळालं तर त्याच्यावर रागावण्याचं कारण नाही, आणि चावलं तर दवाखाना मित्राचा.

चावा आणि कायदा

चावा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि रेबीजच्या लसीचे सगळे डोस डॉक्टर सांगतील त्या तारखांना पूर्ण करा. कुत्रं घरचं असलं, लस दिलेलं असलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडून देऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे पाळीव जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "कुत्रं आहे, सावध राहा" ही पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली असं नाही.

पहिल्या दिवशी येताना

रेबीजच्या लसीची नोंद असलेलं कार्ड आणा. त्याशिवाय आम्ही कुत्रं आत घेत नाही. पिल्लाला ही पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी द्यावी लागते. सोबत मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ घेऊन या: एक बेल वाजतानाचा, एक कुत्रं घरात निवांत असतानाचा. तुम्ही व्हिडिओत दिसलात तर उत्तम, कारण कुत्रं तुमच्याकडे कधी बघतं ते आम्हाला बघायचं असतं. काटेरी पट्टा आणि विजेचा पट्टा आम्ही वापरत नाही. घरी असेल तर तो घालून आणू नका. साधा पट्टा, दोरी आणि कुत्रं उपाशीपोटी नसेल पण थोडं भुकेलं असेल एवढं पुरे. शिकवणी सकाळी लवकर असते. उन्हाळ्यात दहाच्या आत आटोपतो, डांबरावर कुत्र्याचे पाय भाजतात.