हातहत्यारांची घडण : लाकूडकाम आणि धातुकाम

लाकूडकामाची हत्यारे स्वतः घडवताना सुतारकामाला धातुकामाची जोड लागते. रंधा, पटाशी, खतावणी (लाकडावर समांतर रेघ आखायचे हत्यार) यांची धार धातूची आणि मूठ किंवा अंग लाकडाचे. फक्त लाकूडकाम येणाऱ्याला मिळेल त्या पात्याच्या मापाने हत्यार बेतावे लागते. पातेही स्वतः करता आले, की त्याची जाडी, रुंदी, धारेचा कोन आणि रंध्यातली बैठक एकत्र ठरवता येते.

यासाठी ऐरण-भाता हवाच असे नाही. टूल स्टीलच्या (हत्यारांसाठीच्या कठीण होणाऱ्या पोलादाच्या) तयार पट्टीतून पाते काढायला हॅकसॉ, कानस, ड्रिल आणि गॅसचा टॉर्च पुरतो. त्यातही कानस पहिली. कानशीने सपाट पृष्ठ आणि चोख काटकोन साधणे हेच यातले निम्मे धातुकाम.

कस लागतो तो पाणी देताना, म्हणजे पाते तापवून झटकन निववून कठीण करताना. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला चिकटेनासे होते. ही खूण पटली की आणखी थोडे, म्हणजे साधारण ८०० अंशांपर्यंत तापवून पाते उभे धरून तेलात बुडवतात. आडवे बुडवल्यास एक बाजू आधी निवते आणि पाते वाकते. या अवस्थेत ते काचेसारखे ठिसूळ असल्याने लगेच २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवतात. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिका पिवळा रंग उतरला की पुरे. पुढे ग्राइंडरवर धार लावताना निळा डाग उमटला, तर तेवढ्या जागेचे पाणी उतरले असे समजावे.

लाकडाचा स्वभावही ध्यानात ठेवावा लागतो. ते हवेतल्या ओलाव्याने फुगते-आकसते, धातू तसा हलत नाही. म्हणून लाकडावर पितळी पट्टी बसवताना स्क्रूची भोके लांबट ठेवतात. पटाशीची मूठ घावाने फाटू नये म्हणून तिच्यावर शेंबी, म्हणजे धातूचे कडे, बसवतात, पण त्याआधी लाकूड पूर्ण वाळलेले हवे. नाहीतर मूठ आकसून शेंबी खुळखुळते.

दोन्ही कसबांचा सर्वांत देखणा मेळ म्हणजे १९व्या शतकातले ब्रिटिश इन्फिल रंधे. स्कॉटलंडमधील एअर येथील स्टुअर्ट स्पायर्स यांचे रंधे त्यांत विशेष नावाजलेले. लोखंडी कवचाच्या आत कठीण लाकूड घट्ट बसवलेले असते आणि कवचाचा तळ व बाजू सुतारी डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट दात्यांच्या) सांध्याने जोडतात. फरक एवढाच, की धातूच्या शेपट्या ठोकून पसरवता येतात; त्यामुळे सांधा दोन्ही दिशांनी अडकतो, आणि एकदा बसला की सुटत नाही.