रसायनाचा टँकर चालवण्यासाठी लागणारे पृष्ठांकन : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कुठे अडतो

तारापूर, तळोजा, महाड किंवा लोटे परशुराम येथील एखाद्या रासायनिक कारखान्याच्या फाटकावर टँकर पोहोचतो, तेव्हा तिथला सुरक्षारक्षक चालकाकडे अवजड वाहनाचा परवाना आहे की नाही एवढेच पाहून थांबत नाही. त्या परवान्यावर धोकादायक माल वाहून नेण्याची नोंद आहे का आणि तिची मुदत शिल्लक आहे का, हेही तो तपासतो. चालकांच्या बोलण्यात ज्याला ‘हजार्ड लायसन्स’ म्हणतात, ते स्वतंत्र लायसन्स नसते. परिवहन वाहनाच्या नेहमीच्या अनुज्ञप्तीवर (लायसन्सवर) केलेली ती एक जादा नोंद, म्हणजे पृष्ठांकन, असते आणि ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९ नुसार मिळते. ते मिळवणे कागदावर सोपे दिसते, तरीही वर्षानुवर्षे टँकर चालवणारी माणसे परिवहन कार्यालयातून रिकाम्या हाताने परत येताना मी पाहिली आहेत. म्हणून सोप्या पायऱ्या थोडक्यात सांगून जिथे अर्ज खरोखर अडतात तिथेच अधिक लिहीत आहे.

हे पृष्ठांकन फक्त टँकरसाठी लागते, हा पहिला गैरसमज आहे. नियमात टँकर हा शब्द नसून मानवी जीवनास धोकादायक माल वाहून नेणारे मालवाहू वाहन असा उल्लेख आहे. त्यामुळे साध्या ट्रकमधून आम्लाचे कारबॉय (मोठे कॅन), द्रावकाची पिंपे किंवा क्लोरीनचे टनर (मोठे सिलिंडर) नेणाऱ्या चालकालाही हे पृष्ठांकन तितकेच आवश्यक आहे. ‘आमची गाडी उघडी बॉडी आहे, आम्हाला कशाला लागते,’ असे सांगणारे मालक भेटतात. त्या वाहनासाठी लागणारी अनुज्ञप्ती नसलेल्या चालकाच्या हाती वाहन दिल्याबद्दल मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८० खाली मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे त्यांनी एकदा वाचून घ्यावे.

पात्रतेच्या अटी तीन आहेत. चालकाकडे परिवहन वाहनाची चालू अनुज्ञप्ती असली पाहिजे, राज्य शासनाने मान्यता दिलेल्या संस्थेतून तीन दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण करून तो उत्तीर्ण झालेला असला पाहिजे, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भारतीय भाषा व इंग्रजी या दोन्ही त्याला वाचता-लिहिता आल्या पाहिजेत. सर्वाधिक अर्ज या तिसऱ्या अटीवर अडखळतात. परिवहन वाहनाच्या अनुज्ञप्तीसाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये रद्द झाली, आणि तेव्हापासून आता शिक्षणाचे काहीच लागत नाही अशी समजूत पसरली. रद्द झाला तो नियम ८. नियम ९ मधील वाचन-लेखनाची अट तशीच राहिली असून तिच्यात ‘किंवा इंग्रजी’ असे नसून ‘आणि इंग्रजी’ असे म्हटले आहे.

हे वाचता-लिहिता येते याचा पुरावा म्हणून खिडकीवर बहुतेक वेळा शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो, आणि पन्नाशीला आलेल्या चालकाकडे नेमका तोच नसतो. माझ्या ओळखीचे एक चालक अमोनियाच्या टँकरवर उभे आयुष्य काढलेले आहेत, झडपेतून येणाऱ्या आवाजावरून दाब सांगतात आणि गाडीवरचा इंग्रजी फलकही वाचतात. पण दाखला गावाकडच्या घराबरोबर पुरात गेला, म्हणून त्यांना तीन वेळा परत पाठवण्यात आले. अशा वेळी शपथपत्रांच्या मागे धावण्याआधी ज्या शाळेत थोडेफार शिक्षण झाले तिथल्या मुख्याध्यापकांकडे दुय्यम दाखल्यासाठी किंवा जनरल रजिस्टरच्या उताऱ्यासाठी लेखी अर्ज करावा, कारण शाळेच्या या नोंदी वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या असतात. नियमाच्या पहिल्या पोटनियमात कोणतीही इयत्ता लिहिलेली नसून वाचता-लिहिता येण्याची क्षमता लिहिलेली आहे, हे नम्रपणे दाखवून द्यावे. तरीही अर्ज नाकारला गेल्यास नकाराचे कारण लेखी मागावे. तोंडी नकारावर पुढे काहीच करता येत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो तोंडी दिला जातो.

इंग्रजीची अट जाचक वाटते, पण ती निरर्थक नाही. नियम १३४ प्रमाणे वाहनावर जो आपत्कालीन माहितीचा फलक लावावा लागतो, त्यावर मालाचे तांत्रिक नाव, संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणातील क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि मदतीसाठीचे दूरध्वनी क्रमांक असतात. नियम १३३ प्रमाणे चालकाने केबिनमध्ये बाळगायचे ट्रेम कार्डही (मालाचा धोका आणि आपत्कालीन उपाय सांगणारे पत्रक) बहुतेकदा इंग्रजीतच छापलेले असते. फलकावर १००५ असेल तर आत निर्जल अमोनिया आहे, १०१७ असेल तर क्लोरीन आणि १८३० असेल तर गंधकाम्ल, आणि या तिन्हींच्या गळतीत चालकाने करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्यांत आणि नाल्यांत साचतो, म्हणून वाऱ्याच्या उलट दिशेने व उंचावर जावे लागते. अमोनियाची वाफ पाण्याच्या फवाऱ्यात शोषली जाते, पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर थेट पाणी मारले तर तो अधिक वेगाने उकळून वाफ वाढते. तीव्र गंधकाम्लावर पाणी ओतले तर प्रचंड उष्णता निर्माण होऊन आम्ल अंगावर उडते. क्रमांक न वाचता बादली घेऊन धावणारा चालक आधी स्वतःच जायबंदी होतो.

प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम नियमातच दिलेला आहे. पहिले दोन दिवस बचावात्मक व प्रगत वाहनचालनासाठी असतात, तर तिसरा दिवस मालाच्या सुरक्षिततेसाठी, म्हणजे वर्गीकरण, ट्रेम कार्ड, गळती हाताळणे, संरक्षक साधने, अग्निशमन, प्रथमोपचार आणि विहिरी-नद्यांचे रक्षण यांसाठी असतो. संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिची मान्यता चालू आहे का, हे परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. मान्यतेची मुदत संपलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र कितीही रंगीत असले तरी ग्राह्य धरले जात नाही, आणि गेलेले पैसे परत मिळत नाहीत. दुपारी जाऊन संध्याकाळी प्रमाणपत्र हाती ठेवणाऱ्यांच्या नादी लागू नये. आणखी एक चूक वारंवार होते : नूतनीकरणासाठी असलेल्या उजळणीच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पहिल्या अर्जाला जोडले जाते. पहिल्या पृष्ठांकनाला तीन दिवसांचेच प्रमाणपत्र लागते.

अर्ज अनुज्ञप्तीच्या कामांसाठी असलेल्या सारथी या सरकारी संकेतस्थळावर भरावा, अनुज्ञप्ती व प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे, शुल्क भरावे आणि दिलेल्या दिवशी मूळ कागदांसह हजर राहावे. अर्ज कोठे करायचा, याबाबत मात्र सावध असावे. नियमाप्रमाणे तो चालक जिथे राहतो तेथील प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो. जिथे अनुज्ञप्ती निघाली तिथेच केला पाहिजे असे नाही. कळंबोलीत राहून गाड्या चालवणाऱ्या, पण अनुज्ञप्ती उत्तर प्रदेशातली किंवा मराठवाड्यातली असलेल्या चालकाला ‘गावाला जाऊन करून आणा’ असे सांगितले जाते, ते या तरतुदीला धरून नाही. दुसऱ्या प्राधिकाऱ्याने पृष्ठांकन केले तर त्याने मूळ कार्यालयाला कळवायचे, अशी सोय त्याच नियमात आहे. फक्त सध्याच्या पत्त्याचा पुरावा चालकाच्या स्वतःच्या नावाचा हवा. मालकाच्या गाळ्याचे वीजबिल चालत नाही. अनुज्ञप्ती जुन्या पुस्तकाच्या स्वरूपातील असून सारथीवर दिसतच नसेल, तर आधी मूळ कार्यालयाकडून तिची संगणकीय नोंद करून घ्यावी लागते, आणि या एका कामात महिना निघून जातो. नावाचे स्पेलिंग आधार, अनुज्ञप्ती आणि प्रमाणपत्र या तिन्हींवर एकच आहे का, हे प्रशिक्षणाला नाव नोंदवतानाच पाहावे.

मुदतीचा घोळ सर्वांत महागात पडतो. परिवहन अनुज्ञप्ती पाच वर्षांची, तर धोकादायक मालाची परवानगी तीन वर्षांची असते. कार्डावर या दोन तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात आणि चालक मोठी तारीख पाहून निश्चिंत राहतो. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत एका वर्षाची होती, म्हणून जुनी माणसे अजून तेच सांगतात. शिवाय काही कारखाने स्वतःच्या अटीनुसार दरवर्षी उजळणीचे प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे गोंधळात भर पडते. मुदत संपल्यानंतर ३० दिवस अनुज्ञप्ती चालू धरली जाण्याची जुनी सवलत त्याच दुरुस्तीने गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत करता येतो, हे खरे. पण ती अर्जाची मुभा आहे, गाडी चालवण्याची नव्हे. मधल्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी सर्वांत आधी याच तारखेवर बोट ठेवते. उजळणीच्या वर्गात जागा मिळायला आणि नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्राला दिवस लागतात, त्यामुळे मुदतीच्या तीन महिने आधीच तयारीला लागावे.

नवे कार्ड हाती आल्यावर खिडकीवरून हलण्यापूर्वी ते उलटसुलट करून पाहावे. पृष्ठांकन संगणकात झाले, पण कार्डावर छापलेच गेले नाही, असे घडते, आणि ते मध्यरात्री कारखान्याच्या फाटकावर, भरलेला टँकर मागे उभा असताना लक्षात येते.