कॅप्टन म्हणजे सीनियर वेटर नाही हो

आमच्या ग्वाल्हेरात, लश्करला म्हणा नाहीतर सिटी सेंटरला, जरा महागडं रेस्टॉरंट उघडलं की मालक सगळ्यात फास्ट वेटर शोधतो, त्याला काळा कोट देतो आणि म्हणतो आजपासून तू कॅप्टन, म्हणजे वेटरांवर आणि टेबलांवर नजर ठेवणारा. पोरगं बिचारं अजून जोरात धावायला लागतं आणि महिन्याभरात सगळे विचारतात, एवढा मेहनती मुलगा आहे तरी सर्व्हिस का बिघडली? हॉटेल मॅनेजमेंट करून आलेली मुलंसुद्धा हाच घोळ घालतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

वेटर, म्हणजे हल्लीच्या भाषेत स्टुअर्ड, काय करतो ते तुम्हाला माहितीये. टेबल लावणं, पाणी, किचनमधून प्लेटा आणणं, उष्ट्या प्लेटा उचलणं. तयार प्लेट उजवीकडून ठेवायची, सिल्व्हर सर्व्हिस असेल, म्हणजे पदार्थ टेबलापाशी भांड्यातून वाढायचा असेल, तर डावीकडून वाढायचं. ऑर्डर कोण घेतो, टाय कोण लावतो, हे जागेजागेप्रमाणे बदलतं, त्यावर भांडण्यात काही अर्थ नाही.

भांडायचंच तर या एका गोष्टीवर भांडा: सर्व्हिस चालू असताना कॅप्टनचे हात रिकामे पाहिजेत.

हे ऐकलं की मालकांना वाटतं मी कामचुकारपणा शिकवतेय. अहो, गणपतीची पंगत आठवा ना. वाढपी पाच-सहा असतात, पण एक काका हातात काहीही न घेता दोन रांगांच्या मधून फिरत असतात, "अरे त्या टोकाला मठ्ठा पोचला नाही", "भात थांबवा जरा, इकडे पोळ्या चालू आहेत अजून". त्या काकांच्या हातात कुणी वरणाचं पातेलं दिलं की संपलं, त्यांना फक्त समोरचं पान दिसतं आणि पंगत विस्कटते.

आता फाइन डाइनिंगमध्ये हे कुठे आडवं येतं बघा. सहा जणांचं टेबल आहे, स्टार्टर गेलेत, मेन कोर्सची केओटी, म्हणजे किचनला दिलेली ऑर्डरची चिठ्ठी, होल्डवर आहे. ती फायर कधी करायची, म्हणजे "आता बनवा" कधी सांगायचं? सगळ्या प्लेट उचलल्यावर केली तर पाहुणे रिकाम्या टेबलाकडे बघत बसतात, आणि लवकर केली तर कबाब संपायच्या आत डाळ-भाजी येऊन पासवर, म्हणजे किचनमधून तयार प्लेटा ठेवतात त्या काउंटरवर उभी, वरून साय धरते. बरोबर वेळ असते शेवटचा माणूस शेवटच्या दोन घासांवर आला की, पण तेव्हासुद्धा तंदूरवर किती लोड आहे ते माहीत पाहिजे, कारण तंदूर बहुतेक ठिकाणी एकच, आणि तीन टेबलं एकदम फायर झाली की नान एकाचे आधी, एकाचे नंतर आणि तिसऱ्याचे गार. हा हिशोब फक्त त्यालाच जमतो जो टेबल आणि पास दोन्हीकडे बघतोय. नऊ नंबरला प्लेटा घेऊन गेलेल्या माणसाला चार नंबर दिसतच नाही.

तानसेन समारोहाच्या, म्हणजे इथल्या संगीत महोत्सवाच्या दिवसांत बाहेरची गर्दी असते, दारावरची मुलगी एकाच स्टेशनला, म्हणजे एकाच वेटरच्या वाट्याच्या टेबलांवर लागोपाठ तीन टेबलं बसवून मोकळी होते. तिला "दोन मिनिटं थांब, यांना आधी ड्रिंक विचार" असं सांगणं हे कॅप्टनचं काम. तो तेव्हा ट्रे घेऊन फिरत असेल तर कोण सांगणार?

बाकी किरकोळ. केओटीवर सीट नंबर टाकायला लावा, म्हणजे "पनीर कोणाचं सर?" असा लिलाव होणार नाही, मला या प्रकाराची भयंकर चीड आहे. आणि तोंडात घास असताना "एव्हरीथिंग ऑलराइट?" विचारणारा तर त्याहून वाईट. सर्व्हिस चार्जवरून पाहुणा बोलला तर कॅप्टनने वाद न घालता तो काढायचा, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या गाइडलाइन्सनुसार तो आपोआप बिलात लावता येत नाही आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही त्या गाइडलाइन्स उचलून धरल्यात. जीएसटी वेगळा, तो टॅक्स आहे, तो काढता येत नाही, हे मात्र शांतपणे समजावा.

मग कॅप्टनने प्लेट कधीच उचलायची नाही का? उचलायची, पासवर गरम जेवण पडलंय आणि आसपास कुणी नाही तेव्हा. आधी हाक मारायची, कुणी नसेलच तर एक फेरी, आणि लगेच परत आपल्या जागेवर. रोज पाच-सहा फेऱ्या माराव्या लागत असतील तर तुमच्याकडे माणूस कमी आहे, एक रनर, म्हणजे फक्त प्लेटा पोचवणारा माणूस ठेवा.

आणि प्रमोशन द्यायचं असेल तर भर सर्व्हिसमध्ये मुलाला बाजूला घ्या, टेबलांकडे पाठ करून उभं करा आणि विचारा, सात नंबरला काय चाललंय? जो सांगेल "मेन कोर्स अर्धा झालाय, आजोबांनी काही खाल्लं नाहीये, बहुतेक तिखट लागलं" तो तुमचा कॅप्टन. सगळ्यात फास्ट धावतो त्याचा पगार वाढवा आणि त्याला धावू द्या.